कागद वाचवणारं चार पानी पत्र

तीस वर्षं गावात टपाल वाटून निवृत्त झालेल्या आर्डिसबाईंना जानेवारीत राज्याच्या कर खात्याचं पत्र आलं. कागद वाचवायचा म्हणून कर परताव्याचा दाखला यंदापासून टपालानं येणार नाही, वेबसाइटवर पाहा. हे सांगायला चार पानं खर्ची घातली होती.

बाई तणतणत लायब्ररीत गेल्या. तिथल्या मार्लीसनं कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडायला घेतलं.

"ओळख पटवायला कोड लागेल, आर्डिसबाई."

"मग घे की!"

"तो तुमच्या घरी येईल. टपालानं. दहा दिवसांत."

"अगं, पाकीट पाठवताच येतंय, तर त्यात दाखलाच का नाही घालत मेले? कुठल्या गाढवाचं डोकं हे?"

दहा दिवस बर्फ तुडवत बाई फाटकाबाहेरच्या आपल्या टपालपेटीपर्यंत खेपा घालत राहिल्या. कोड आला, तशा पुन्हा लायब्ररीत गेल्या. दाखला उघडला. खाली ठळक सूचना होती: 'छापून जपून ठेवा.'

"पानाला पंधरा सेंट," मार्लीस ओशाळून म्हणाली.

बाईंनी नाणी काउंटरवर आपटली. "हेच दाखले घरोघर पोचवायचा मला पगार मिळायचा. आता माझाच मला पोचवायला मीच पैसे भरतेय!"