भितुरचा आणि भायरचा

शिरोड्यात गुरुदासशेटच्या घरात भाड्याने राहणारी यशोदा अगदी बिनघोर होती. भाडं न्यायला आला की शेट दर खेपेला सांगे, "घराचो विमो उतरयलो आसा. वादळ येवंदे, नायतर आग लागांदे, तुका कसली काळजी?"

वादळ आलं आणि शेटच्या परसातला माड नेमका शेटच्याच घरावर कोसळला. कौलं फोडून शेंडा आत घुसला. ज्या शिवणाच्या मशीनवर यशोदेचं पोट होतं, ते त्याखाली चेपून गेलं.

विमा कंपनीचा साहेब येऊन कौलं आणि वासे बघून गेला. शेटला भरपाई मंजूर झाली. यशोदेने मशीनचं विचारलं, तर शेट शेजाऱ्यांदेखत हसला.

"विमो घराचो, गो! भितुर जां काय आसा, तां तुझां. त्याचा माका काय?"

एवढं बोलून तो टोपली घेऊन घरात शिरायला निघाला. आडव्या झालेल्या शेंड्याला नारळ लगडलेले होते.

यशोदा दारात आडवी उभी राहिली. "खंय, शेट?"

"नारळ काढूक."

"भितुर जां काय आसा, तां माझां. तुमचांच बोलणां. बुंधो तेवढो भायर आसा, तो तुमचो."