सारख्या नळ्या

अकोल्याच्या एका शाळेत उज्मा मॅडम ठिबक सिंचनाच्या नळीच्या पुंग्या करायला लावून अपूर्णांक शिकवत. मुख्याध्यापकांना ही थेरं वाटायची. "आज वेगवेगळे सूर निघाले नाहीत, तर उद्यापासून फळा," त्यांनी बजावलं होतं. फळ्याने आजवर कोणाचं भलं केलं, ते मात्र विचारायचं नाही.

आणि नेमक्या त्याच दिवशी वर्गातल्या आरतीने चारही नळ्या सारख्याच कापल्या. पोरींनी फुंकल्या, तर चारींचा एकच सूर.

"सारख्या काहून कापल्या वं?"

"घरी ऊस असाच कापतो मॅडम. नाही तं भाऊ भांडते."

"इथं भांडूच दे. एक अशीच ठेव. बाकीच्या पाऊण, दोन तृतीयांश आन् अर्धी कर."

आरतीने सुतळीच्या घड्या घालून मापं घेतली. मुख्याध्यापक दारात आले तेव्हा सा, म, प आणि वरचा सा वाजत होता. त्यांनी अर्धी नळी उचलून फुंकली. नुसती हवा.

"सर, खालचं तोंड बोटानं दाबा नं," आरती म्हणाली.

सरांनी दाबलं आणि वरचा सा निघाला. तास संपल्याची घंटा झाली तरी नळी देईनात. फळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मॅडमनेही आठवण करून दिली नाही.