नागम्माचं पाणी

रेणुकादास नांदेडचे. पडकी विहीर असो की बंद खोली, तिथं जाऊन डोळे मिटायचे आणि मेलेल्या माणसाचं म्हणणं सांगायचे. हल्ली लातुरात त्यांना उसंत नव्हती. क्लासेसची पोरं वाढली, गल्लोगल्ली वसतिगृहं झाली आणि परीक्षा जवळ आली की कुठल्या ना कुठल्या खोलीत भूत निघायचंच. निघेल नाही तर काय! रात्ररात्र जागलेल्या पोराला दोरीवरचा टॉवेलही बाई दिसतो.

व्यंकटी मात्र त्यांना औशाच्या पुढं, आपल्या जुन्या गावी घेऊन गेला. भूकंपात गाव मातीला मिळालं, उरलेली माणसं नव्या गावात राहायला गेली, त्याला आता दहाएक वर्षं झाली. पण व्यंकटीची आई गुरम्मा अजून रोज घागर घेऊन जुन्या घराच्या ढिगाऱ्यावर पाणी ओतायला जायची. जागा झपाटलेली आहे, तिनं म्हातारीला धरलंय, असं लोक म्हणायचे. इकडं व्यंकटीची लेक लातुरात क्लासला. खानावळीचं खाऊन दोनदा आजारी पडली, शिकणं सोडून परत येते म्हणत होती. घरोघरच्या आज्या लातुरात खोली करून नातवंडांना रांधून घालतात, तसं आईनं जावं, एवढंच त्याचं मागणं. रेणुकादासांना वाटलं, हा तर हातचा मळ.

ढिगाऱ्यावर बाभळी माजल्या होत्या. गुरम्मानं घागर खाली ठेवली, त्यांच्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आलाव का महाराज? व्यंकटी, हेनीच सांगितलं व्हतं की, आपली नागम्मा खालून पाणी मागायलीय म्हणून."

रेणुकादासांना ते सगळं आठवलं. भूकंपानंतरच्या गर्दीत हीच बाई पाय धरून रडत होती, गाडली गेलेली लेक काय म्हणते ते विचारत होती, आणि सगळी माणसं यांच्या तोंडाकडं बघत होती. ढिगाऱ्याखालचं माणूस दुसरं काय मागणार! पाणी म्हणाले आणि पुढच्या घराकडं वळले. असली अक्कल पाजळली होती गड्यानं. आता कुणी तोंडावर थुंकलं तर बरं, असं त्यांना झालं.

रेणुकादासांच्या मनात आलं, नागम्मा तृप्त झाली म्हणायचं की सुटलं, एका लबाडीवर दुसरी, त्यात काय मोठं. पण म्हातारी अशी भरवशानं बघत होती की ते शब्द तोंडातून निघेनात. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"मला तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं, आई. आजवर कुठंच आलं नाही. मी खोटं बोललो."

गुरम्माला राग आला नाही, उलट त्यांची कीव आली. लांबून उन्हातानाचं आलेलं माणूस, कानही थकले असतील, असं ती पुटपुटली. आपल्याला मात्र नागम्मा रोज ऐकू येते, म्हणाली. मग घागर कलती करून तिनं तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"घ्या, प्या आधी. तिचंच हाय, पर थांबंल ती जरा."