तेरावा काटा

शास्त्रात खोटेपणाला जागा नाही, असं सर प्रत्येक निरोपसमारंभात सांगत. जागा असते. कात्रीच्या टोकाएवढी पुरते.

नऊ वर्षांपूर्वी मासळीबाजारातल्या मावशीने एक करडा मासा सरांच्या संशोधन केंद्रात आणला होता. "सर, हा आपल्याकडचा नव्हे. पाठीवर तेरा काटे आहेत, मोजा."

इथल्या किनाऱ्यावरचे मासे ओळखायचं एकमेव पुस्तक सरांनीच लिहिलं होतं. त्यात अकरा काट्यांचा एक मासा होता, बारा काट्यांचा दुसरा. तेराची सोयच नव्हती. सरांनी तीनदा मोजले; तिन्ही वेळा तेराच.

"मावशी, तुम्ही वजनावर विकता ना? मग मोजायच्या भानगडीत कशाला पडता?"

सगळे हसले. मावशीही हसली, गिऱ्हाइकाशी हसतात तशी. ती गेल्यावर सरांनी दार लावून तेरावा काटा मुळाशी छाटला, मासा स्पिरिटच्या बरणीत सोडला आणि वर बारा काटेवाल्याचं नाव चिकटवलं.

यंदा तसेच तेरा काट्यांचे मासे ढिगाने जाळ्यात आले. दूरच्या, गरम समुद्रातले. सरांच्या जागी आलेल्या बाईंनी जुन्या बरण्या उतरवल्या, निवृत्त सरांना बोलावलं, आणि मासा नेमका कुठे सापडला होता ते विचारायला मावशीलाही.

बाईंनी भिंग धरलं. "इथला काटा गेलाय. जाळ्यात तुटला असेल, नाही का सर?"

बुडत्याला काडी नव्हे, अख्खी होडीच मिळत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मावशी बरणीकडे बघत नव्हती, सरांकडे बघत होती.

"मी कापला," सर म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "तेराच होते. मावशींचंच बरोबर होतं."

मावशीने पदराला हात पुसले. "असू द्या, सर. मी त्या दिवसापासून मोजणंच सोडलं. म्हटलं, आपल्यालाच तेरापर्यंत येत नसेल."

धरणी दुभंगली तर बरं, असं सरांना झालं. पण फरशी पक्की होती.

बाई अवघडून म्हणाल्या, "काटे हल्ली कोणी मोजत नाही, सर. मांसाचा कण प्रयोगशाळेत पाठवला की डीएनएवरून नाव कळतं. याचं मंगळवारीच आलं. तुम्हाला फक्त बरणीवरचं नाव बदलायच्या कागदावर सहीसाठी बोलावलं होतं."