वर गेलेत

बादली निम्मीही भरली नव्हती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की घरात फार शांत आहे. पाच वर्षांचं पोर जागं असताना घर असं शांत नसतं.

"ढबू," तिनं हाक मारली. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, गल्लीत डोकावून पाहिलं. दाराशी मुलीच्या चपला नव्हत्या. त्यांच्या शेजारच्या, टाच झिजलेल्या मोठ्या चपलाही नव्हत्या. त्या सासऱ्यांच्या होत्या आणि सासरे जाऊन आठवडा झाला होता.

"आई, मामंजींच्या चपला तुम्ही उचलल्यात?"

"मी कशाला उचलू?" सासूबाई आतून म्हणाल्या. "माझा हात धजला असता तर पहिल्याच दिवशी उचलल्या असत्या."

काल मुलीनं विचारलं होतं, आजोबा कुठे गेले? भाजी निवडता निवडता सासूबाई बोलून गेल्या, "वर गेले." तिनं ते ऐकलं होतं. मुलीला नीट समजावून सांगायला हवं, असंही वाटलं होतं. पण उद्या सांगू म्हणून तिनं ते पुढे ढकललं होतं.

लोकांसाठी वर म्हणजे आभाळ. या घरात मात्र वर म्हणजे टेकडीवरचा तलाव, दुसरं काही नाही. वर पाणी किती चढलं, वर आज कोणाची पाळी, जरा वर जाऊन येतो. तीन पिढ्या हेच चाललं होतं.

नळ तसाच सोडून ती धावत सुटली.

टेकडीची वाट मोठ्या नळाच्या कडेनं जात होती. एके काळी वर गाव होतं आणि गावाला झरा होता. खालचं शहर तहानलं, तेव्हा झऱ्याभोवती तलावाची भिंत उठली. गावातल्याच माणसांनी दगड फोडून ती उठवली, त्यात सासऱ्यांचे आजोबाही होते. भिंत पुरी झाल्यावर गाव उठवून टेकडीच्या पायथ्याशी आणून बसवलं आणि सांगितलं, पहिला नळ तुमचा. मोठा नळ अगदी दारावरून गेला खरा, पण त्याला तोंड नव्हतं. ते पाणी आधी सगळं शहर फिरायचं आणि उरलंसुरलं या गल्लीत यायचं. सासरे चावीवाले. शहराचं पाणी सोडणं त्यांच्या हातात, तरी घरच्यांसाठी त्यांनी कधी चावी लवकर फिरवली नाही. गल्लीतले तोंडावर म्हणायचे, हातात चावी आहे की खुळखुळा? ते ऐकून घ्यायचे. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून वर जायचे, नातीला खांद्यावर घेऊन.

तलावाची भिंत जेमतेम गुडघाभर होती. लग्नानंतर ती पहिल्यांदा वर आली, तेव्हाच तिनं ते मनात टिपून ठेवलं होतं. आता धावताना तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

वर मात्र आता उंच कुंपण होतं आणि रंगवलेलं फाटक. आत होड्या, कारंजी, बाकं. तलाव सहलीचा केला होता, हे तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

फाटकाबाहेरच्या दगडावर ढबू बसली होती. मांडीवर आजोबांच्या चपला.

तिनं मुलीला उचललं, धरलं, मारायला उगारलेला हात तसाच खाली घेतला. पहारेकरी पुढे आला.

"तुमची का? मघापासून सांगतोय, आत कोणी नाही. ऐकतच नाही. त्या आजोबांबरोबर यायची ना, म्हणून ओळखलं."

"ते आत काय करायचे?" तिनं विचारलं. का विचारलं, तिलाही कळलं नाही.

"आत कुठे? इथेच बसायचे, या दगडावर." तो जरा ओशाळला. "तिकिटाशिवाय सोडायची मला परवानगी नाही. तिकीट घ्या म्हटलं, तर म्हणाले, स्वतःच्या कामावर जायला तिकीट कसलं? मग रोज येऊन बसायचे. उन्हं चढली की उठायचे."

घरी येऊन ते रोज सांगायचे, वर पाणी चांगलं आहे. सासूबाई मान डोलवायच्या. तीही.

ढबूनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आई, आजोबांना आत सोडलं ना आता? म्हणून ते येत नाहीत?"

पहारेकरी दुसरीकडे पाहू लागला.



"हो," ती म्हणाली. "सोडलं."

"चपला विसरले."

मुलीनं खाली उतरून चपला फाटकाशी नीट लावल्या, टाचा पाण्याकडे, बाहेर आलं की थेट पायात सरकवता याव्यात अशा. सहलीची पहिली गाडी चढण चढत होती. ती मुलीला घेऊन उतरू लागली. वळणावरून तिनं मागे पाहिलं, तेव्हा पहारेकरी पायानं चपला बाजूला सारत होता.

घरी नळ गेला होता. बादली निम्म्याहून थोडी वर भरली होती. सासूबाईंनी नातीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि सुनेच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"चपला?"

"वर राहिल्या."

सासूबाई वाकल्या आणि त्यांनी कोरडा नळ, सासरे करायचे तसा, घट्ट बंद केला.