तिरकी बैठक

टेबलावरची बॉबिन निसटली, टण्णकन फरशीवर पडली आणि दोरा सोडत कपाटाखाली गेली. त्याआधीच मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं, "गाडी देऊन टाकतोय. रविवारी न्यायला येणार आहेत."

भिंगरी पालथी पडून बॉबिनीमागे कपाटाखाली शिरली. पोरीचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात ती भिंगरीच. तिची आई, म्हणजे मास्तरांची लेक, शिवणयंत्रावर बसली होती. तिचा पाय पेडलवर होता तसाच राहिला.

"बाबा, एकदा पाय घसरला म्हणून काय लगेच..."

"दुसऱ्यांदाची वाट बघू? मागे भिंगरी बसली होती."

मास्तरांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. निम्म्या गावाचे हात त्यांनी स्टिअरिंगवर धरून वळवले होते. 'पाठ सरळ, नजर लांब, पाय हलका,' हा त्यांचा मंत्र गल्लीतली पोरं त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. शिकवणं सुटल्यावरही गाडी सुटली नव्हती. भिंगरीला शाळेत सोडायचं, लेकीची शिवून झालेली कापडं घरोघर पोचवायची, यात त्यांचा दिवस जायचा आणि तब्येत टवटवीत राहायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबला, बूट कडेवरून सटकला आणि फाटकाला पोचा आला. मागच्या सीटवर भिंगरीला ती गंमत वाटली. "आबा, परत!" म्हणून तिने टाळ्या पिटल्या. मास्तर मात्र घामाने चिंब झाले होते. त्या दिवसापासून त्यांनी किल्लीला हात लावला नव्हता.

"वय झालं, एवढंच. कंबर धरते, पाय जागेवर पडत नाही," ते म्हणाले, आणि उठताना नेहमीसारखा कमरेला हात लावला.

दुपारी भिंगरी झोपली. तो तासभर तिच्या आईचा एकटीचा, तोही पोरीच्या झोपेवर अवलंबून. तिने ठरवलं, गाडी जायचीच असेल तर उघडीवाघडी जाऊ नये. चालवणाऱ्याच्या सीटला नवं कव्हर शिवावं. ती बटणावर सरकायची; उतरल्यावर मास्तर ती मागे करायचे, बसले की पुढे घ्यायचे. टेप गळ्यात, खडू कानावर, अशी ती अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली गेली, दार उघडलं आणि मापं घ्यायला वाकली.

माप जुळेना. सीटच्या पुढच्या कडेपासून दाराच्या उंबऱ्याला समांतर रेघ ओढायची म्हटलं तर रेघ तिरपी जायची. तिला वाटलं, आपलाच हात चुकला. पुसून पुन्हा ओढली. पुन्हा तिरपी. मग तिने दोन्हीकडे सीटच्या पायापासून ती ज्यावर सरकते त्या रुळाच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरला. डावीकडे एक माप, उजवीकडे दोन बोटं जास्त. डावी बाजू पुढे सरकलेली, उजवी मागे राहिलेली. अख्खी सीट दाराकडे तोंड करून बसली होती, रुसलेल्या पोरासारखी.

तिने मान वर केली. समोर दोरीवर मास्तरांचा सदरा वाळत होता. तिनेच शिवलेला. त्याचा डावा खांदा तिने उजव्यापेक्षा बोटभर खाली घेतला होता. गेली काही वर्षं ती तसाच घेत होती, कारण बाबांचा डावा खांदा उतरत चालला होता आणि सरळ बेतला की कापड गळ्यापाशी चुण्या धरायचं. वयाने होतं असं, म्हणून तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. कात्री गुपचूप वळवायची, बस.

ती सीटकडे बघत राहिली, मग सदऱ्याकडे. दाराकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसून माणसाला रस्ता बघायचा असेल तर तो काय करेल? कंबर डावीकडे पिळेल. डावा खांदा खाली घेईल. रोज. आणि खाली पाय, पिळलेल्या अंगाच्या शेवटी लटकलेला, ब्रेकच्या मधोमध पडायच्या ऐवजी कडेवर पडेल.

"बाबा!" ती ओरडली. आत भिंगरी जागी होईल याचंही भान राहिलं नाही. "इकडे या आधी!"

मास्तर आले, टेप पाहिला आणि भुवया चढवून म्हणाले, "रूळ वाकला असेल. जुनी गाडी आहे, तिलाही वाकायचा हक्क आहे."

"बघू तरी."

"बॅटरीची तार काढ आधी. मग हात घाल."

ते स्टुलावर बसले, लेक गाडीत शिरली. टायर बदलायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, लग्नाच्याही आधी, सासरी उपयोगी पडेल म्हणून. पान्याने चार कोपऱ्यांचे बोल्ट सोडवून तिने सीट मागे कलंडवली आणि खालची बाजू पहिल्यांदाच उजेडात आली.

तिला वाटलं होतं, खाली लोखंडाचं जंगल असेल. होती एक मोटर, मुठीएवढी, बरोबर मध्ये. तिच्या दोन्ही बाजूंनी करंगळीएवढ्या जाडीची एकेक प्लास्टिकची नळी निघून आपापल्या रुळाकडे गेलेली. नळीच्या आत पिळाची तार. मोटर फिरली की दोन्ही तारा फिरणार, तारांनी दोन्ही रुळांवरची चाकं फिरणार आणि दोन्ही बाजू एकसारख्या पुढे जाणार. एकमेकींना बघता येत नाही, तरी पाऊल चुकत नाही.

"एवढ्याशा मोटरीने तुम्हाला उचलून नेलं एवढी वर्षं?" ती कुजबुजली. देवघरात बोलावं तसा तिचा आवाज आपोआप बारीक झाला होता.

"मला नुसतं? त्या बँकेतल्या साहेबांना शिकवलं होतं. ते बसले की टायर उसासा टाकायचे."

उजवी नळी तिने रुळापासून ओढून काढली. तारेचं टोक चौकोनी होतं, चाकातल्या चौकोनी भोकात बसणारं. पण अगदी शेंड्याला कोपरे झिजून गोल झाले होते. का? डावी काढून शेजारी धरली तेव्हा तिला कळलं, आणि ती हसायलाच लागली.

"बाबा, अस्तर आखूड पडलंय!"

"काय?"

"बाहेरची नळी लांब, आतली तार आखूड. त्यामुळे तार भोकात पुरती जातच नाही. नुसतं टोक टेकतं." तिने दोन्ही टोकं त्यांच्यापुढे धरली. "रिकामी सीट मागे जाते तेव्हा चालून जातं. तुम्ही बसून पुढे घेता तेव्हा ओझ्याने ती कधीतरी घसरते. एखादाच फेरा. तेवढ्यात डावी बाजू केसभर पुढे."

मास्तरांनी झिजलेल्या शेंड्यावरून बोट फिरवलं. केसभर. पुन्हा केसभर. कुणाला कळावं?

नळीचं टोक तिने धारदार पातीने नखाएवढं कापलं. आता तार बाहेर डोकावली, झिजलेल्या शेंड्याच्या मागचे धडधाकट कोपरे दिसू लागले. मग मागे राहिलेली बाजू हाताने फिरवून पुढे आणायची होती. तिने पक्कडीत तार धरली आणि फिरवत सुटली. टेप लावला. फरक दुप्पट!

स्टुलावरून खदाखदा हसू आलं. "सीट उलटी आहे गं बाई! डावीच बाजू फिरवलीस. दोन्ही बाह्या डाव्या शिवल्यास की!"

"शिकाऊ असताना एकदाच शिवल्या होत्या, तेवढं लक्षात ठेवा तुम्ही!"

तिने सगळं मागे फिरवलं, मग योग्य बाजू पुढे आणली. तार भोकात बसली तेव्हा बोटांना 'खट्' जाणवलं. बोल्ट आवळले, बॅटरी जोडली, बटण दाबलं. सीट पुढे निघाली. आधी कण्हत, अडत जायची. आता नुसती गुणगुणत, पाण्यावर होडी जावी तशी. दोघंही तोंड उघडं टाकून बघत राहिले. मास्तरांनी पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे. काही गरज नव्हती.

मग ते आत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वाकडी झाली गं. मला डावीकडे वळवतेय."

तिने टेप लावून दाखवला. दोन्हीकडे सारखं. स्वतः बसून पाहिलं. नाक थेट रस्त्यासमोर. ते पुन्हा बसले. "नाही, वाकडीच आहे," म्हणाले, पण आवाज खाली आला होता. हात हळूच डाव्या खांद्याकडे गेला. तो त्यांनी चाचपला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "पाठ सरळ, पाठ सरळ, म्हणून लोकांचे कान किटवले. आणि माझं अंग मला न विचारता..."

"तुम्हाला रस्ता सरळ दिसावा म्हणून केलं त्याने, बाबा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक दिवस तक्रार केली नाही. कंबर धरली, तीही आत्ता आत्ता."

मास्तरांनी ब्रेकवर पाय ठेवला. बूट मधोमध पडला. उचलला, डोळे मिटून पुन्हा ठेवला. मधोमध. पुन्हा. मधोमध. त्यांनी लेकीकडे पाहिलं. एवढा घाबरलेला आणि एवढा आनंदलेला चेहरा तिने त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता.

"बसतेस शेजारी? एक फेरी. भिंगरीला नको."

पण भिंगरी दारात उभी होतीच, गालावर उशीच्या वळ्या घेऊन. "मी पण!"

"नाही," मास्तर म्हणाले. "आधी मी आणि तुझी आई."

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी चारदा ब्रेक दाबला. चारही वेळा गाडी जिथे म्हटलं तिथे थांबली. परत आल्यावर ते खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि नातीसमोर अदबीने वाकले. "या बाईसाहेब."

भिंगरी चढली. तिचा पट्टा लावून आई पुढे बसली. गाडी शेजारच्या फाटकापाशी आली, हळू झाली, थांबली, निघाली. मास्तर अजून थोडे डावीकडे कललेले होते आणि दर वळणाला स्वतःलाच म्हणत होते, "सरळ. सरळ बस रे."

"रविवारी त्यांना काय सांगायचं?" लेकीने विचारलं.

"सांग, मास्तरांची शिकवणी पुन्हा सुरू झालीय. विद्यार्थी एकच आहे, पण ढ आहे."

मागून भिंगरीने मान पुढे काढली. आबांकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे, मग दोन्ही खांदे एकेक करून दाबून पाहिले.

"आई, आबांना कळलंच नाही ना, ते वाकडे बसलेत ते?"

"नाही कळलं, राणी."

"मग मी सरळ बसलेय, हे मला कसं कळणार?"