डेलच्या फराळातली काडतुसं

टेक्सासमध्ये शुगर लँडमधल्या एका तेल कंपनीत शंतनू दाबके सेफ्टी इंजिनीअर होता. सेफ्टी मॅनेजरची जागा रिकामी झाली होती आणि ती कोणाला द्यायची हे त्याचा बॉस डेल ठरवणार होता. डेल दर शनिवारी रायफल घेऊन रेंजवर जायचा. त्यामुळे आपल्याला नेमबाजीची उपजत ओढ आहे, हे शंतनूच्या अचानक लक्षात आलं.

डेल काडतुसंही घरीच भरायचा. मग शंतनूने गॅरेजात काडतुसं भरायचा प्रेस बसवला. झाडलेल्या पितळी नळ्या साफ करायच्या, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. त्याने पुस्तक आणलं आणि महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. पुस्तक जवळजवळ सगळंच पिवळं झालं.

"दुकानात मिळत नाहीत का?" त्याच्या बायकोने, राधिकाने, एकदा विचारलं.

"मिळतात की. पण होममेड ते होममेड."

भाजणी घरी करणाऱ्या बाईला हे पटलं.

दिवाळीत डेलकडे फराळाचा डबा गेला. वर चिवडा, लाडू, चकल्या. खाली टिश्यू पेपरात गुंडाळलेली, शंतनूने स्वतः भरलेली रायफलची काडतुसं. डेलने आभाराचा लांबलचक मेल पाठवला.

पुढच्या शनिवारी सकाळी चहा घेताना राधिका म्हणाली, "अरे, फराळाच्या आधी गॅरेजातली फळी आवरली ना, तेव्हा तुझे ते दारूचे दोन डबे एकात केले. दोन्ही अर्धेच भरलेले होते."

शंतनूने कप खाली ठेवला. "कुठले दोन?"

"काळे. दोन्हींत सारखंच राखाडी काहीतरी होतं. एक डबा रिसायकलिंगला टाकला."

राधिकाच्या घरात दोन अर्धे डबे कधी शेजारी नांदले नव्हते. एका डब्यात पिस्तुलाची दारू होती, भसकन जळणारी; दुसऱ्यात रायफलची, दमाने जळणारी. दोन्ही मिसळून रायफलीत घातल्या तर रायफल हातातच फुटू शकते. पुस्तकातली ही ओळ पिवळी होती. डेलची काडतुसं भरताना रायफलच्या दारूचा डबा भरलेला दिसला तेव्हा शंतनूला आश्चर्य वाटलं होतं. पण लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात माणूस बरकतीला प्रश्न विचारत नाही.

डेलचा फोन वाजत राहिला. रेंजवर कान झाकलेले असतात. दोघं गाडीत बसले.

"मेसेज टाकून ठेव ना, की बायकोने मिक्स केलं."

"म्हणजे सेफ्टी मॅनेजरच्या घरी लेबल कोणी वाचत नाही, असंच ना?"

"मग कुलपात ठेवायचं होतंस. मी काय तुझ्या कंपनीत आहे?"

सांगितलं तर जागा जाणार. न सांगितलं तर डेलच जायचा, आणि मग जागा देणार कोण? शंतनूने वेग वाढवला.

रेंजवर डेल रायफल रोखून बसला होता. शंतनूने सगळ्यांना थांबायला लावलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. बायकोचं नाव घेतलं. मग बायको मागेच उभी आहे हे बघून 'आम्ही' म्हणाला.

डेलने शांतपणे कानांवरचं काढलं. त्याच्या तोंडी शंतनूचा कधीच शॉन झाला होता. "शॉन, ती मी झाडणारच नव्हतो. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणीच झाडत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पुस्तकात नाहीये?"

होतं. तेही पिवळं होतं.

"मग तो मेल?" राधिकाने विचारलं.

"तो चिवड्यासाठी होता. पण खरं सांगू, स्वतःची चूक स्वतः येऊन सांगणारा सेफ्टीवाला मी पहिल्यांदाच बघतोय. बाकीचे आधी कमिटी नेमतात."

शंतनूला आशा वाटली.

सोमवारी ती जागा ह्यूस्टनच्या एका बाईंना मिळाली. शंतनूला लेबलांचं महत्त्व या विषयावर सगळ्या प्लँटसमोर बोलायला सांगितलं. नाव गुप्त ठेवायचं ठरलं, म्हणून त्याने 'एका कर्मचाऱ्याच्या गॅरेजात' अशी सुरुवात केली आणि सगळा हॉल त्याच्याकडे सहानुभूतीने बघू लागला. डेलने राधिकालाही बोलावलं होतं. शेवटी सगळे प्रश्न तिलाच आले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्लँटनेही तिला बोलावलंय. शंतनू ड्राइव्ह करणार आहे.